शय्यादानाचा पलंग

“मग ह्यातला कोणता?” टेंबे गुरुजींनी विचारलं.

ते मधल्या दारात उभे होते. उजवीकडे पुढची खोली, तिथे माझ्या मुलाने, सारंगने, दोन वर्षांपूर्वी आणलेला पलंग. डावीकडे मागची खोली, तिथे आमचा जुना. गुरुजींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. बाहेर फाटकाशी टेम्पो उभा होता आणि टेम्पोची दोन माणसं कट्ट्यावर बसून चहा पीत होती.

माझ्या बायकोचा, शरयूचा, तेरावा होता. तेराव्याला आमच्याकडे शय्यादान करतात. पलंग, गादी, उशी, पांघरूण गेलेल्या माणसाच्या नावाने गुरुजींना द्यायचं. ते त्या माणसाला तिकडे पोचतं असं मानतात. गादी-उशी सारंगने कराडच्या बाजारातून नवी आणली होती. पलंग मात्र आणायला नको, घरात दोन आहेत, असं त्याचं आणि आक्काचं माझ्या माघारी ठरलं होतं. मला ते त्या सकाळी टेम्पो बघून कळलं.

“मागचा,” सारंग म्हणाला.

“मागचाच,” आक्का म्हणाली.

“मागचा नाही,” मी म्हणालो.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्या घरात कुठलंही कार्य तिला विचारूनच होतं. तिने माझ्याकडे न बघता गुरुजींना सांगितलं, “त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याचं चित्त ठिकाणावर नाही.”

“माझं चित्त ठिकाणावर आहे. तो पलंग कुठेही जाणार नाही.”

“दत्ता, पाहुणे यायचेत. पानं मांडायचीत. आता घोळ घालू नको.”

“घोळ मी घातलेला नाही. मला न विचारता टेम्पो मी बोलावलेला नाही.”

सारंग फोनमध्ये बघत होता. आमच्या बापलेकांचं हे जुनं आहे. मी बोलायला लागलो की तो फोनमध्ये बघतो.

गुरुजी वयाने सारंगएवढेच. वडील थकल्यावर त्यांनी हे काम घेतलं होतं. स्वभावाने मवाळ. “हे बघा काका,” ते म्हणाले, “माझं काहीच म्हणणं नाही. कोणताही द्या. गेलेल्या माणसाला जे प्रिय होतं ते द्यावं, एवढीच पद्धत. काकूंना कोणता आवडायचा?”

“तिला काय, मॉडर्न आवडायचं,” आक्का म्हणाली. “ह्या घरात पाऊल टाकल्यापासून आम्ही तो एकच शब्द ऐकतोय.”

“मग मिटलंच की. पुढचा एकदम मॉडर्न दिसतोय.”

मला एक क्षण वाटलं, सुटलो.

“तो मॉडर्न नाही, गुरुजी,” सारंग मान वर न करता म्हणाला. “तो कंटेम्पररी आहे. मॉडर्न मागचा.”

गुरुजींनी परत दोन्हीकडे पाहिलं. “मागचा तर जुना आहे.”

“जुनाच आहे. तरी मॉडर्न. खोटं वाटत असेल तर आईला विचा–” सारंग म्हणाला, आणि तिथेच थांबला.

शरयू कन्याशाळेत चित्रकला शिकवायची. मी एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. मला इंजिनातलं कळतं, खुर्चीटेबलातलं कळत नाही. जे काय माहीत आहे ते तिचंच ऐकून.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने पलंग करायला टाकला होता. उशाला दोन मोर आणि पायांना वाघाचे पंजे. शरयूने निरोप पाठवला की मोर नकोत आणि पंजेही नकोत. तिने स्वतः कागदावर पलंग काढून तो कागद सुताराकडे दिला. सागवानी, चार पाय खाली निमुळते होत गेलेले आणि किंचित बाहेर झुकलेले, उशाला वेताची जाळी. बाकी काही नाही. आई म्हणाली, “हा काय दवाखान्यातला पलंग आहे? नक्षी कुठाय?” शरयू म्हणाली, “नक्षी नाही, म्हणूनच तर करायचा.” होणाऱ्या सुनेने सासूशी असं बोलायचे ते दिवस नव्हते. आई आणि आक्का वर्षभर तिच्याशी तुटक वागल्या. मी एवढंच केलं, सुताराला जाऊन सांगितलं की ती म्हणते तसा कर. आईच्या मनाविरुद्ध मी आयुष्यात तेवढं एकच काम केलं आणि ते बरं केलं.

मग चाळीसएक वर्षांनी सारंगने पुण्याहून नवा पलंग आणला. टेम्पोच्या मागे मागे स्वतः गाडी चालवत आला होता. राखाडी, जमिनीला टेकलेला, उशाला कापडाची गुबगुबीत पाठ आणि त्या पाठीमागून दिवा लागणारा. गादीसकट वरची फळी उचलली की खाली सामान ठेवायला मोठा खण. पलंग जोडून झाला तसा तो म्हणाला, “आई, तुला मॉडर्न आवडतं ना, म्हणून मुद्दाम शोधून मॉडर्न आणलाय.”

शरयू पलंगाभोवती एक फेरी मारून आली. “छान आहे. पण हा मॉडर्न नव्हे. हा कंटेम्पररी.”

“दोन्ही एकच गं, आई.”

“एकच कसं असेल? मॉडर्न हे एका काळाचं नाव आहे. माझ्या जन्माच्या आधी ते सुरू झालं आणि तू शाळेत जायच्या आत संपलंसुद्धा. त्या लोकांनी नक्षी काढून टाकली, लाकूड लाकडासारखं दिसू दिलं, पाय बारीक केले, वस्तू जमिनीपासून उचलली. ते झालं ते झालं, ते आता बदलायचं नाही. कंटेम्पररी म्हणजे आज जे चालू आहे ते. आज राखाडी आणि बुटकं चालू आहे. आणखी दहा वर्षांनी दुसरंच काही चालेल, तेव्हा ते कंटेम्पररी आणि हा नुसता जुना.”

“म्हणजे तुला आवडला नाही.”

“आवडला नाही असं कोण म्हणालं? तू नाव चुकलास एवढंच. वर्गात एखादी निळ्याला जांभळा म्हणाली तर मी गप्प बसेन का?”

केतकी, आमची सून, हसायला लागली. “पण आई, ओळखायचं कसं? मला दोन्ही प्लेनच दिसतात.”

“खाली वाक. पलंगाखालून पलीकडची भिंत दिसते?”

केतकी वाकली. “नाही दिसत.”

“आता मागच्या खोलीत जाऊन आमचा बघ.”

केतकी गेली आणि तिथूनच ओरडली, “दिसते. भिंत दिसते आणि बाबांची हरवलेली चप्पलपण दिसते.”

“ही खूण प्रत्येक वेळी चालायची नाही हं,” शरयू म्हणाली. “आजच्या लोकांनाही मधूनच बारीक पाय आवडतात, मग ते लावतात. तेही कंटेम्पररीच म्हणायचं. पण ह्या दोघांपुरती चालेल.”

सगळे हसले, सारंग हसला नाही. तो धडा त्याच्या मनात तसाच राहिला असणार. आणि आता तेराव्याच्या सकाळी त्याने तो गुरुजींना म्हणून दाखवला.

“म्हणजे प्रिय मागचाच,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले.

मी अडकलो. नाही म्हणावं तर शरयूच्या बाबतीत खोटं बोलल्यासारखं, आणि तेही तिच्या तेराव्याला.

“हो,” मी म्हणालो. “तिला तोच प्रिय होता. म्हणून तो देणार नाही.”

“बाबा, प्रिय असेल तेच द्यायचं असतं. म्हणजे तिला मिळतं.”

“तिला तिथे पलंग लागत नाही. मला इथे लागतो.”

“अभद्र बोलू नये,” आक्का म्हणाली. मग ती माझ्याजवळ आली आणि गुरुजींना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. “मला सगळं बोलायला लावू नकोस, दत्ता. ती त्या पलंगावर गेली. मी सांगत होते, खाली घ्या, खाली घ्या. चटई घातली होती मी, तुळशीचं पान हातात घेऊन उभी होते. तू ऐकलं नाहीस. माणूस पलंगावर गेलं की तो पलंग घरात ठेवत नाहीत. निदान आता तरी ऐक.”

सारंगने फोन खिशात टाकला आणि तो बाहेर गेला. कट्ट्यावरून त्याचा आवाज आला, “चला, मागच्या खोलीतला घ्यायचाय.”

तेव्हा मी मागच्या खोलीत गेलो आणि पलंगावर आडवा झालो.

तेरावा पार पडेपर्यंत आमच्याकडे घरातलं कोणी पलंगावर झोपत नाही. मीही इतके दिवस चटईवरच होतो. पलंगावरची गादी आक्काने आधीच काढून नेली होती, नुसत्या फळ्या होत्या. मी माझ्या बाजूला, दाराकडे, उताणा पडलो आणि हात छातीवर घेतले. फळ्या पाठीला टोचत होत्या. टोचू दे म्हटलं.

“उतर,” आक्का म्हणाली. “अजून विधी व्हायचेत.”

“होऊ देत.”

“तेरावा व्हायच्या आत पलंगावर?”

“हो. तेरावा व्हायच्या आत पलंगावर.”

टेम्पोची माणसं आत आली. एक टोपीवाला होता, वयस्क. त्याने पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून मला नीट बघून घेतलं. “काका, जरा उतरता का?”

“नाही.”

“मग उचलायचा कसा?”

“उचलू नका.”

तो सारंगकडे वळला. “मालक, काकांसकट न्यायचा आहे का?”

केतकीने तोंडावर पदर धरला. दुसरा माणूस भिंतीकडे बघायला लागला.

“बाबा, लोक बघतायत,” सारंग म्हणाला.

“बघू देत.”

“लहान मुलासारखं करताय तुम्ही.”

“करतोय.”

“ह्याचा अर्थ काय?”

“अर्थ असा की मी इथून उठणार नाही. मला धरून उठवायचं असेल तर उठव. दोन माणसं आहेत, तू तिसरा. मी काही फार जड नाही.”

सारंग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. वेताच्या जाळीला हात लावेल असं वाटलं, पण त्याने हात मागे घेतला. “मला हा पलंग बघवत नाही,” तो म्हणाला. “मी पुण्याहून पोचलो तेव्हा तुम्ही तिच्या तोंडावर चादर ओढत होता. ह्याच्यावर. दर वेळी घरी आलो की मी हे बघायचं का?”

टोपीवाला हळूच बाहेर निघून गेला आणि त्याच्यामागून दुसराही.

मला मुलाची दया आली, पण मी उठलो नाही. “मग बघू नकोस,” मी म्हणालो. “आलास की ह्या खोलीचं दार लावून घेत जा. मी काही म्हणणार नाही. पण तुला बघवत नाही म्हणून माझ्या डोळ्यांपुढून नेऊ नकोस.”

“तिला खाली घ्यायला काय झालं होतं रे?” आक्का रडायला लागली. “तेवढं केलं असतंस तर आज हा प्रश्नच आला नसता.”

“ती नको म्हणाली.”

“कोण?”

“शरयू. तू चटई आणायला गेलीस तेव्हा. मला म्हणाली, मला खाली घेऊ नका. खाली गार आहे.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली.

“मी म्हटलं, नाही घेत. मग तू आलीस आणि खाली घ्या म्हणायला लागलीस. तिला शब्द दिला होता, म्हणून मी तिच्याजवळून हललो नाही.”

“आणखी काय म्हणाली?” सारंगने विचारलं.

“तू कुठवर आलास ते विचारलं. मी म्हटलं, सातारा सोडलाय. म्हणाली, मग येईलच.”

तो खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग म्हणाला, “इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मला विचारलं कोणी? ती गेल्यापासून जो तो मला काय करायचं ते सांगतोय. कुठे बसायचं, काय खायचं नाही, कोणता पलंग द्यायचा. तिचं काय म्हणणं होतं, असं एकानेही विचारलं नाही.”

आक्का स्वयंपाकघरात निघून गेली. गुरुजी दारातच होते. त्यांनी घसा साफ केला.

“झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून शय्या काढून तिचं दान करावं, असं मी कुठे वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “आणि वाचण्यात आलं तरी मी ते करणार नाही. पण रिकाम्या हाताने गेलो तर तेरावा अपुरा राहिला असं तुम्हालाच वाटत राहील. काकूंना पुढचा अगदीच नावडता होता का?”

“नावडताच,” सारंग खिडकीतूनच म्हणाला. “चार महिनेसुद्धा झोपली नाही त्यावर. परत इकडे आली. मला ते केतकीकडून कळलं.”

“गुडघे,” मी म्हणालो.

“काय?”

“तिचे गुडघे. तो बुटका आहे. तिला त्यावरून उठता यायचं नाही. सकाळी मी दोन्ही हात धरून ओढायचो तेव्हा उभी राहायची. शेवटी मीच म्हटलं, चल मागे. ती म्हणाली, सारंगला सांगू नका, उगाच त्याला वाटेल आपलं चुकलं.”

केतकी पुढे झाली. “आणि गल्लीतल्या बायकांना त्या तो उघडून दाखवायच्या. मी राहायला आले होते तेव्हा बघितलंय. समोरच्या काकूंना तर दोनदा दाखवला. माझ्या मुलाने आणलाय, एका हाताने उघडतो बघा, असं म्हणायच्या.”

सारंग वळला. “आणि काय आहे म्हणून सांगायची? मॉडर्न?”

“कंटेम्पररी,” केतकी म्हणाली. “प्रत्येकीला. त्यांना तो शब्द म्हणता येईपर्यंत सोडायच्या नाहीत.”

सारंग हसला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसताच त्याला रडू आलं. ती गेल्यापासून तो रडला नव्हता. केतकी त्याच्याजवळ गेली. मी छताकडे बघत पडून राहिलो.

थोड्या वेळाने पुढच्या खोलीत स्क्रू काढल्याचा आवाज यायला लागला. तो पलंग अखंड दारातून निघत नव्हता. सारंगने तो स्वतः सुटा केला, टेम्पोच्या माणसांना हात लावू दिला नाही. गुरुजींनी सुट्या भागांवरच पाणी सोडायला सांगितलं आणि संकल्प म्हटला. मग त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं, “हे परत जोडायचं कसं?” सारंग म्हणाला, “मी येतो ना दुपारी. फळी उचलणाऱ्या दांड्या उलट्या बसल्या तर ती डोक्यात बसेल.” गुरुजी म्हणाले, “याच. आमच्याकडे पांघरुणं ठेवायला जागाच नाही, देवानेच पाठवला म्हणायचा.”

आक्का दारात आली. “आता तरी उतरशील?”

“टेम्पो गेला?”

“गेला.”

“कोपऱ्यावरून वळला का बघ.”

ती खरंच बघून आली. “वळला.”

मग मी उतरलो आणि पानावर जाऊन बसलो.

त्यावरून पुढे बरंच बोललं गेलं. पलंगावर गेलेल्या बाईचा पलंग ह्याने घरात ठेवला, वर त्याच्यावरच झोपतो, असं चुलत घरात म्हणायचे. मला साधा ताप आला तरी भेटायला आलेली माणसं आधी पलंगाकडे बघायची. मी त्यांना म्हणायचो, बसा की ह्याच्यावरच. कोणी बसायचं नाही. आक्का अजूनही बसत नाही. ती येते तेव्हा स्वयंपाकघरातली खुर्ची आणून पलंगाला लावून ठेवते आणि तिथून दोन दोन तास माझ्याशी गप्पा मारते. मी तिला काही म्हणत नाही. तिचं तिच्यापाशी.

सारंग मात्र पुष्कळ दिवस त्या खोलीत आला नाही. घरी आला की उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायचा. मी दार उघडंच ठेवायचो. कधी लावून घे म्हणालो नाही आणि कधी आत ये असंही म्हणालो नाही.

मग एका दिवाळीत, दुपारची जेवणं झाल्यावर मी अंगणात वाळत घातलेलं काढायला गेलो होतो. परत आलो तर सारंग पलंगावर झोपलेला. भिंतीच्या बाजूला, शरयूच्या जागेवर, तोंड भिंतीकडे करून. घोरत होता. मी आक्काची खुर्ची ओढून दारात बसलो आणि केतकी काही विचारायला आली तेव्हा तिला हातानेच परत पाठवलं.

पाचच्या सुमाराला तो उठून बसला. मानेवरून हात फिरवला, मग गादी दाबून बघितली.

“बाबा, ह्या गादीत नुसते खड्डे पडलेत. कसे झोपता तुम्ही? बदलू या.”

“गादी बदल,” मी म्हणालो. “पलंगाचं नाव काढायचं नाही.”